इटलीचें जुनें मद्य आणि घारापुरीचीं खापरें

माहुल गांवच्या कोळ्यांना ओहोटीचें गणित पंचांगावांचून ठाऊक असतें. पाणी उतरलें म्हणजे शिवडीपासून माहुलपर्यंत काळ्या चिखलाचें एक मैदान उघडें पडतें, आणि हिवाळ्यांत त्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. गांवाच्या पाठीशीं तुर्भ्याचा डोंगर. जवळच १९५४-५५ सालांत उभे राहिलेले तेलशुद्धीचे कारखाने. आणि तुर्भ्याच्या दक्षिण टोकाशीं जाऊन समुद्राकडे दृष्टि टाकली तर समोर घारापुरीची दोन शिखरांची टेकडी. मुंबईच्या घरोघरीं घारापुरी म्हटली कीं लेण्यांतील महेशमूर्तीचें नांव निघतें, आणि तें योग्यच आहे. परंतु त्याच बेटाच्या मोराबंदराकडील किनाऱ्यावर, ओहोटीच्याच चिखलांत, जाड मातीच्या भांड्यांचीं खापरें सांपडत आलीं आहेत. तीं इकडच्या कुंभाराच्या चाकावरचीं नव्हेत. भूमध्य समुद्राकांठचे लोक दोन उभ्या कानांच्या, निमुळत्या अंगाच्या आणि टोकदार बुडाच्या कुंभांत मद्य, तेल व मासळीचें खारवण भरून परदेशीं पाठवीत. त्या कुंभाला अँफोरा म्हणत. आणि घारापुरीचीं खापरें त्याच जातीचीं होत, असें प्रथम मानलें गेलें.

दोन हजार वर्षांपूर्वीं इटलींतील द्राक्षांचें मद्य या बंदराच्या तोंडाशीं येत होतें काय. येत असल्यास तें कोणत्या प्रतीचें, किती जुनें आणि कोणाला परवडणारें होतें, हा प्रश्न वरवर पाहतां शौकिनांचा वाटेल. मद्यपानाची भलावण येथें कर्तव्य नाहीं. परंतु प्राचीन महाराष्ट्राच्या वैभवाविषयीं जें कांहीं अभिमानानें सांगितलें जातें, त्यांतील बराच भाग अशा खापरांवर उभा आहे. आणि खापर ज्या देशाचें म्हणून सांगितलें त्या देशाचें नसेल, तर अभिमानाचाहि हिशेब पुन्हां मांडावा लागतो.

प्रथम लेखी पुरावा पाहूं. इ. स. च्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची एक वही लिहून ठेवली. तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. लेखकाचें नांव अज्ञात आहे. पण हा मनुष्य कवि नव्हता, व्यापारी होता, आणि म्हणूनच इतिहासाच्या फार उपयोगीं पडला. भडोच बंदरांत कोणता माल खपतो याची यादी देतांना त्यानें अगदीं पहिलें नांव मद्याचें घातलें आहे. त्यांतहि तीन प्रकार सांगितले आहेत: मुख्यत्वें इटलीचें, त्याशिवाय लाओडिकियाचें आणि अरबस्तानचें. यादीच्या शेवटीं राजासाठीं म्हणून वेगळा माल दिला आहे. त्यांत रुप्याचीं मौल्यवान भांडीं, गाणारीं मुलें, अंतःपुरासाठीं सुंदर दासी, तलम वस्त्रें आणि पुन्हां एकदां मद्य, परंतु तें उंची. शाकुंतलांत दुष्यंताभोंवतीं धनुष्य घेतलेल्या यवनी वावरतात, त्यांची आठवण येथें कोणासहि व्हावी.

या नोंदींत एक बारीक गोष्ट दडलेली आहे. राजासाठीं उंची मद्य वेगळें लिहिलें, याचा अर्थ बाजारांत खपणारें इटलीचें मद्य राजाचें नव्हतें. तें दुसऱ्या कोणाचें तरी होतें.

मुंबई बंदराचा संबंध त्याच वहींत पुढें येतो. कल्याण हें पूर्वीं एका सातवाहन राजाच्या अमलांत मोकळें बंदर होतें. पुढें संदनेस नांवाच्या सत्ताधीशाच्या हातीं तें गेल्यावर त्यावर निर्बंध बसले, आणि एखादें ग्रीक जहाज चुकून तिकडे आलेंच तर त्यावर पहारा बसवून त्याची रवानगी भडोचला होई. कल्याणास जाण्याचा एक जलमार्ग मुंबईच्या बंदरांतून, घारापुरी व तुर्भे बाजूस ठेवून, ठाण्याच्या खाडीनें आंत शिरतो. म्हणजे माहुलच्या पुढच्या पाण्यांत या जहाजांचें येणेंजाणें, कधीं राजरोस तर कधीं पहाऱ्यांत, झालेलें असावें. भडोचला उतरलेला माल मात्र दूर आंत जाई. तेथून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचें धाराशिव जिल्ह्यांतील तेर. रस्त्याचें नांव नसलेल्या मुलखांतून गाड्यांनीं ही वाहतूक चाले, असें तो व्यापारी सांगतो.

आतां इटलींतच या मद्याची प्रतवारी कशी होती तें पाहिलें पाहिजे. कारण नुसतें ‘इटलीचें’ म्हणणें म्हणजे नुसतें ‘कोंकणचा आंबा’ म्हणण्यासारखें आहे. हापूस कीं पायरी कीं रायवळ, हें सांगितल्यावांचून भाव कळत नाहीं.

सुदैवानें या बाबतींत एक अव्वल दर्जाचा साक्षीदार आहे. थोरला प्लिनी या रोमन अधिकाऱ्यानें इ. स. ७७ च्या सुमारास पुरा केलेल्या आपल्या सृष्टिज्ञानकोशाचा चौदावा भाग द्राक्षवेल व मद्य यांस वाहिला आहे. त्यानें इटलीच्या मद्यांच्या पायऱ्या लावल्या. पहिल्या पायरीवर सेटिया गांवचें मद्य. ऑगस्टस बादशहाला तें सर्वांत प्रिय, कारण तें पचनास बाधत नसे. दुसऱ्या पायरीवर कँपानिया प्रांताच्या उत्तरेस असलेल्या फालेर्नो टेंकड्यांचें मद्य, आणि त्याचेहि पुन्हां तीन भेद: एक उग्र, एक गोड, एक पातळ. मद्यांत ज्वाला लावली असतां पेट घेणारें तेवढें हेंच, असेंहि तो म्हणतो. तिसऱ्या पायरीवर आल्बा आणि सोरेंटो. सोरेंटोचें मद्य आजारांतून उठलेल्यांस वैद्य देत. पण टायबेरियस बादशहा म्हणे कीं, वैद्यांनीं कट करून त्याला मोठेपणा दिला आहे, एरवीं तो एक खानदानी शिरका आहे. त्या बादशहाची जीभ जात्याच कडू होती, तेव्हां हा शेरा कितपत धरावा हा प्रश्नच आहे.

रंगाचेहि प्लिनीनें चार वर्ग केले: पांढरें, पिंगट, रक्तवर्ण आणि काळें. आज इटलीचें जुनें मद्य म्हटलें कीं तांबडेंच डोळ्यांपुढें येतें. रोमन लोकांचा सर्वांत गाजलेला फालेर्नो मात्र जुना होतां होतां पिंगट, अंबरासारखा होई. काळें व रक्तवर्ण मद्य सामान्य खानावळींतहि मिळे.

जुनेपणाचा हिशेब याहून मनोरंजक आहे. मद्य भरलेल्या कुंभावर त्या वर्षींच्या कॉन्सलांचीं नांवें शाईनें लिहीत, म्हणजे कुंभ स्वतःच आपला जन्मशक सांगे. हे कुंभ घराच्या वरच्या माळ्यावर, धुराची ऊब लागेल अशा जागीं ठेवीत. कोंकणांतील जुन्या घरांत चुलीवरच्या माळ्याला जें स्थान, तेंच जवळ जवळ या खोलीला. ख्रि. पू. १२१ सालीं, ओपिमियस कॉन्सल असतांना, द्राक्षांचा हंगाम अपूर्व साधला, आणि त्या सालचें मद्य पुढें सुमारें दोन शतकें लोक जपून ठेवीत राहिले. प्लिनीच्या काळीं तें राहिलें होतें त्याला मद्य म्हणणें कठीण. त्याचा कडवट दाट मध झाला होता, आणि पाण्यावांचून तो घशाखालीं उतरत नसे. दुसऱ्या मद्यांना वास लावण्यापुरता त्याचा एखादा थेंब वापरीत. जुनें तें सोनें ही म्हण मद्याच्या बाबतींत ठराविक वर्षांपर्यंतच खरी आहे, हें रोमन लोकांस पुरतें कळलें होतें. गॅलेन या सुप्रसिद्ध वैद्याचा दाखला घेऊन ग्रीक लेखक अथेनेउस सांगतो कीं, फालेर्नो दहा वर्षांनीं पिण्याजोगा होतो, पंधरा ते वीस वर्षांत उत्तम लागतो, आणि त्यापुढें डोकें दुखवितो. सोरेंटोच्या मद्याला मात्र पंचवीस वर्षें थांबावें लागतें.

या गॅलेनची एक हकीकत तर रुचिपरीक्षेचा आदर्श म्हणून सांगण्यासारखी आहे. मार्कस ऑरेलियस बादशहासाठीं (राज्यकाल इ. स. १६१ ते १८०) त्याला विषावरचा उतारा तयार करावयाचा होता, आणि त्यांत उत्तमांतलें उत्तम जुनें मद्य लागे. बादशहाच्या राजवाड्यांतील कोठारांत उतरून गॅलेननें फालेर्नोच्या कुंभांवरचीं वर्षें वाचलीं, वीस वर्षांहून जुने तेवढे निवडले, आणि एकामागून एक चाखीत गेला. ज्यांत कडवटपणाचा लवलेश नाहीं असा कुंभ हातीं येईपर्यंत तो थांबला नाहीं. जुनेपण आहे आणि गोडी गेलेली नाहीं, एवढी एकच कसोटी त्यानें धरली. याहून शहाणी कसोटी पुढें कोणी शोधून काढली असेल असें वाटत नाहीं.

पण हें झालें बादशहाच्या कोठारांतलें. सामान्य माणसाचें काय? पाँपेई शहरांतील एका मद्यशाळेच्या भिंतीवर भाव लिहिलेले सांपडले आहेत. एक ‘आस’ नाणें टाकलें तर साधें मद्य, दोन टाकलीं तर चांगलें, आणि चार टाकलीं तर फालेर्नो. म्हणजे प्रसिद्ध मद्य साध्याच्या चौपट, त्यापलीकडे नाहीं. चार आस देऊन खरा पंधरा वर्षांचा फालेर्नो मिळत असेल यावर विश्वास ठेवणारा गिऱ्हाईक त्या काळींहि भोळाच म्हणावयाचा. याहून स्पष्ट आंकडे डायोक्लेशन बादशहानें इ. स. ३०१ सालीं महागाई रोखण्यासाठीं काढलेल्या भावांच्या जाहीरनाम्यांत आहेत. सुमारें अर्धा लिटर भरणाऱ्या इटालियन मापास फालेर्नो, सोरेंटो वगैरे नामांकित मद्यें ३० दिनार. ‘पहिल्या चवीचें’ जुनें मद्य २४. ‘दुसऱ्या चवीचें’ जुनें मद्य १६. आणि गांवठी ८. त्याच जाहीरनाम्यांत शेतमजुराचा रोज, जेवण धरून, २५ दिनार ठरविला आहे. नांव नसलेलें पण जुनें आणि चवीला पहिलें असें मद्य मजुराच्या एका दिवसाच्या कमाईंत अर्धा लिटर मिळे. येथें लक्ष वेधून घेणारी गोष्ट ही कीं, सरकारी भावपत्रकांत गांवाच्या नांवाखालोखाल ‘चव’ हीच प्रतवारीची पायरी धरलेली आहे; आणि नांव व चव यांच्या भावांत फरक अवघा सहा दिनारांचा.

चव घेण्याचा हक्कहि जुना. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांतील केटो या शेतीच्या जाणकारानें मद्यविक्रीच्या करारांत अट घातली आहे कीं, आंबलेलें व बुरसट वगळून बाकीचें द्यावें, आणि गिऱ्हाइकानें तीन दिवसांच्या आंत चाखून घ्यावें.

हें सगळें लक्षांत ठेवून महाराष्ट्राकडे वळूं. प्रवरेच्या कांठीं, अहिल्यानगर जिल्ह्यांतील नेवासें हें ज्ञानेश्वरीचें जन्मस्थान म्हणून सर्वांस वंद्य आहे. तेथें १९५४ ते १९५६ या कालांत डॉ. सांकळिया व त्यांचे सहकारी यांनीं उत्खनन केलें, आणि सातवाहनकालीन थरांत अँफोऱ्यांचीं खापरें हातीं आलीं. समुद्रापासून इतक्या दूर, घाटमाथ्यावर, हीं भांडीं गेलीं हेंच नवल. एका कुंभांत सुमारें २६ लिटर मद्य मावे, आणि रिकाम्या कुंभाचेंच वजन दहा किलोंच्या वर. बंदरावर मद्य कातडी बुधल्यांत ओतून घेऊन कुंभ टाकून देणें स्वस्त पडलें असतें. पण नेवाशाचीं खापरें सांगतात कीं कुंभच्या कुंभ वर गेले. गिऱ्हाइकाला तें भांडें, त्याचें बंद तोंड आणि त्यावरची खूण पाहिजे असावी. परदेशी मालाच्या वेष्टणावर पैसे टाकण्याची हौस आजचीच नाहीं.

या खापरांचा देश पक्का कसा करावयाचा? मातीचा अगदीं पातळ काप घांसून कांचेवर बसवितात आणि सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांतील खनिजांचे कण पाहतात. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या परिसरांतील कुंभार आपल्या मातींत तेथील काळी ज्वालामुखी वाळू मिसळीत. ती वाळू अन्य मातींपासून सहज ओळखूं येते. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत सुनील गुप्ता, डेव्हिड विल्यम्स आणि डेव्हिड पीकॉक यांनीं नेवाशाच्या खापरांची अशी तपासणी करून दाखविलें कीं, त्यांतील कुंभ इटलीच्या कँपानिया प्रांतांतून, नेपल्सच्या आखाताच्या आसपासच्या भागांतून आलेले आहेत. पुदुच्चेरीजवळील अरिकमेडु येथें १९४५ सालीं मॉर्टिमर व्हीलर यांनीं केलेल्या सुप्रसिद्ध उत्खननांत व पुढच्या उत्खननांतहि ग्रीसमधील कोस बेटाच्या कुंभांबरोबर कँपानियाचे कुंभ निघाले. तेव्हां पेरिप्लसच्या लेखकानें ‘मुख्यत्वें इटलीचें’ म्हटलें तें पोकळ नव्हतें.

कँपानिया म्हटलें कीं फालेर्नो आठवतो, आणि येथेंच मोह होतो. पैठणच्या सार्थवाहानें बादशहांचा फालेर्नो प्राशन केला, असें लिहावयास कोणाची लेखणी सरसावणार नाहीं? परंतु काळी वाळू बोट दाखविते ती व्हेसुव्हियसकडे. फालेर्नोच्या टेंकड्या त्याच प्रांतांत असल्या तरी उत्तरेस आहेत. व्हेसुव्हियसच्या पायथ्याशीं होई तें पाँपेईचें मद्य, आणि प्लिनीनें त्याविषयीं काय लिहिलें आहे तें मुळींच भूषणावह नाहीं. तें दहा वर्षांपर्यंत सुधारतें, पुढें ठेवून कांहीं लाभ नाहीं. आणि पिणाराचें डोकें दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत दुखतें. नेवाशाच्या कुंभांत तेंच होतें असें शपथेवर सांगतां येणार नाहीं. पण राजासाठींचें उंची मद्य वेगळें लिहिणाऱ्या त्या व्यापाऱ्याच्या यादीशीं हा पुरावा जुळतो. घाटावर आलें तें इटलीचें मधल्या प्रतीचें, नांवलौकिकाचें नव्हे पण टिकाऊ, असें मद्य. मजुराला न परवडणारें, परंतु श्रेणीच्या शेटजीला सणासमारंभास परवडणारें. येथल्या मजुराला ताडी-माडी होतीच.

तें टिकाऊ असणें भागच होतें. आश्विन-कार्तिकांत द्राक्षें तुडवून केलेलें मद्य इटलीच्या बंदरांतून अलेक्झांड्रियास येई. तेथून नाईल नदींतून कॉप्टस गांवापर्यंत बारा दिवस, कॉप्टसहून उंटांवर वाळवंट ओलांडून बेरेनिके बंदरापर्यंत आणखी बारा दिवस. बेरेनिकेहून अरबस्तानच्या टोकापर्यंत तीस दिवस आणि तेथून मोसमी वाऱ्यावर मलबारच्या किनाऱ्यापर्यंत चाळीस दिवस, असा हिशेब प्लिनीनें दिला आहे. जहाजें आषाढ-श्रावणाच्या सुमारास इजिप्तमधून हांकारीत. म्हणजे येथें पोंचेपर्यंत अगदीं ताजें मद्यहि वर्षाचें होऊन गेलेलें असे, आणि तें वर्ष त्यानें माळ्यावरच्या सुखद उबेंत नव्हे, तर वाळवंटांत व जहाजाच्या पोटांत काढलेलें असे. कुंभांना आंतून राळेचा लेप देत, त्यामुळें मातींतून मद्य झिरपत नसे. पण त्या राळेचा वास मद्याला लागल्याशिवाय राहात नसे. कोसचें मद्य तर समुद्राचें पाणी मिसळून करीत. गॅलेनच्या कसोटीला हें मद्य उतरलें नसतें हें उघड आहे.

आतां घारापुरीकडे परत आलें पाहिजे, कारण हिशेबांतली चूक तेथेंच निघाली. अरिकमेडुनंतर हिंदुस्थानभर रोमन खापरें शोधण्याचा एक उत्साहच संचरला. किनाऱ्यावर जाड, आंतून काळ्या लेपाचें खापर सांपडलें कीं तें अँफोऱ्याचें, म्हणजे रोमन, म्हणजे इटलीच्या मद्याचें, अशा तीन उड्या एका दमांत मारल्या जात. गुजरात व महाराष्ट्रांतील कितीतरी स्थळें अशा रीतीनें रोमन व्यापाराच्या नकाशावर बसलीं, आणि तेथून शाळेच्या पुस्तकांत उतरलीं. पुढें रॉबर्टा टोंबर या विदुषीनें हीं खापरें पुन्हां हाताळून पाहिलीं. २००७ व २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या लेखनाचा निष्कर्ष असा कीं, पश्चिम किनाऱ्यावरील यांपैकीं पुष्कळ खापरें रोमन नाहींतच. तीं मेसोपोटेमिया व इराणी आखाताकडून आलेल्या दुसऱ्याच जातीच्या कुंभांचीं आहेत. या कुंभांना कान नसतात, मान नसते, अंग लांबट व बूड निमुळतें. त्यावरून त्यांना हल्लीं टॉर्पेडो कुंभ म्हणतात. कान असलेला किंवा तोंडाकडचा तुकडा हातीं आला तर फरक कळतो. नुसत्या अंगाचा तुकडा फसवितो.

खरा भेद लेपांत आहे. रोमन कुंभाला झाडाची राळ, तर टॉर्पेडो कुंभाला जमिनींतून निघणारें डांबर. माहुलच्या रहिवाशांना सात दशकें तेलशुद्धीच्या कारखान्यांशेजारीं काढल्यावर डांबर काय चीज आहे हें समजावून सांगण्याची गरज नाहीं; समोरच्या बेटावरच्या चिखलांत तोच पदार्थ मेसोपोटेमियाहून दीड हजार वर्षांपूर्वीं येऊन पडला होता. घारापुरीला दोन्ही जातींचीं खापरें आहेत. कांहीं रोमन साम्राज्याकडचीं, आणि पुष्कळशीं सासानी काळाचीं, म्हणजे सातवाहन राज्य लयास गेल्यानंतरच्या शतकांचीं. टॉर्पेडो कुंभांतहि द्राक्षमद्य येत असावें असा तर्क आहे. पण तें इटलीचें खास नव्हे. पेरिप्लसमधील तीन मद्यांची ती स्पर्धा पुढें कोणी जिंकली याचें उत्तर खापरांच्या संख्येंत दिसतें.

मग कुंभांतील मद्याचाच अवशेष तपासून निकाल कां लावूं नये, असें कोणी विचारील. द्राक्षमद्याची खूण म्हणजे टार्टारिक आम्ल. यूरोपांत तें सांपडलें कीं द्राक्षें असें बहुधा म्हणतां येतें. आपल्या देशांत तेंच आम्ल घरोघरच्या चिंचेंत भरपूर असतें. चिंचेच्या कोळाची व फालेर्नोची अशी गल्लत होण्याचा संभव असल्यामुळें इकडच्या खापराला रसायनशाळेचें प्रमाणपत्र सावधपणें द्यावें लागतें.

ही दुरुस्ती कित्येकांना रुचली नाहीं. ज्या गांवाच्या नांवापुढें ‘रोमशीं व्यापार’ असा किताब लागला, तेथून तो काढून घेणें कठीण जातें. वास्तविक यांत गमावलें कांहींच नाहीं. रोमचें कांहीं खापर कमी झालें, तितकाच इराणी आखाताशीं असलेला जुना संबंध वाढला. आणि तो संबंध रोमच्या संबंधाहून दीर्घकाळ टिकलेला आहे. शिवाय जें खरें रोमन राहिलें, तें आतां निःशंकपणें रोमन म्हणतां येतें. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४० च्या दशकाच्या मध्यास निघालेल्या कांस्य वस्तूंचेंच पाहा. त्यांत समुद्रदेव पोसायडनची चिमुकली मूर्ति आहे, आणि तितकीच महत्त्वाची, पण पाहुण्यांचें लक्ष क्वचितच जाते अशी, मद्य ओतण्याची एक कांस्य सुरई आहे. तीहि इटलीची. कुंभ आला, तशी तो रिकामा करण्याची रीत आणि तिचीं भांडींहि आलीं.

उलट दिशेनें काय गेलें? १९३८ सालीं पाँपेईच्या उत्खननांत एका घरांत हस्तिदंती स्त्रीमूर्ति मिळाली. ती हिंदुस्थानी आहे याविषयीं पहिल्यापासून वाद नव्हता. आणि पुढें तेर व भोकरदन येथें तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ति सांपडल्यावर तिचें माहेर याच मुलखांत असावें असें मत बळावलें. इ. स. ७९ सालीं व्हेसुव्हियसचा स्फोट झाला तेव्हां ती मूर्ति राखेखालीं गेली. ज्यांच्या द्राक्षांचें मद्य नेवाशापर्यंत येत होतें, ते मळेहि त्याच राखेखालीं गेले. आणि ज्यानें या सर्व मद्यांची चव व किंमत तोलून लिहून ठेवली, तो प्लिनीहि आरमाराचा अधिकारी म्हणून लोकांना वांचविण्यास गेला असतां त्याच स्फोटांत, स्टाबिआच्या किनाऱ्यावर, मरण पावला.

अलीकडे या कथेला एक वेगळें वळण लागलें आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सोलापूर जिल्ह्यांतील अकलूजजवळ मोहिते-पाटील घराण्यांतील बंधु, दिल्लीचे दोघे बंधु व इटलीचे दोघे बंधु यांनीं मिळून द्राक्षमळे लावले, आणि इटालियन भाषेंत ‘भाऊ’ या अर्थाच्या ‘फ्रातेल्ली’ या नांवानें मद्य करण्यास आरंभ केला. टस्कनीचे पिएरो मासी हे त्यांचे मद्यतज्ज्ञ. ज्या सांजोव्हेसे द्राक्षांपासून टस्कनीचें प्रसिद्ध तांबडें कियांती मद्य होतें, तीं द्राक्षें आतां त्याच पठारावर पिकतात, ज्यावरून एके काळीं इटलीचे भरलेले कुंभ गाड्यांनीं तगरला जात होते. त्यांच्या ‘सेत्ते’ नांवाच्या मद्यांत सांजोव्हेसेबरोबर फ्रान्समधील काबर्ने सोव्हिन्यों मिसळतात आणि तें ओक लांकडाच्या पिंपांत मुरवितात. म्हणजे राळेच्या जागीं लांकडाचा वास आला. पहिल्या हंगामांच्या कांहीं बाटल्या कोणीं जपून ठेविल्या असतील, तर गॅलेननें फालेर्नोस घालून दिलेल्या पंधरा वर्षांच्या मर्यादेशीं त्या आतां कोठें येऊन पोंचल्या आहेत.